उन्हाळ्यात घाट चढताना गाडी गरम का होते?

एप्रिल लागला की सोयगाव, फर्दापूर, शेंदुर्णी या पट्ट्यातल्या गॅरेजांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘जानेवारीत हीच गाडी, हीच माणसं, हाच घाट. तेव्हा काही झालं नाही, मग आत्ताच गरम का झाली?’ विचारणाऱ्याला उत्तरही ठाऊक असतं. ऊन वाढलं म्हणून. ते उत्तर अर्धंच खरं आहे. ऊन तर शेजारच्या गाडीलाही लागतं आणि ती विनातक्रार वर पोहोचते. उरलेलं अर्धं उत्तर या प्रकरणात शोधायचं आहे.

त्यासाठी सोयगावसारखी जागा दुसरी नाही. हा तालुका कागदोपत्री मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. पण जमीन आणि हवा खानदेशाची. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याला आडवी जाते आणि सोयगाव तिच्या उत्तरेला, पायथ्याशी आहे. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच तालुक्यात आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय, मोठी रुग्णालयं, हायकोर्टाचं खंडपीठ मात्र डोंगराच्या वर. म्हणजे सोयगावकराला जिल्ह्याच्या कामासाठी घाट चढण्यावाचून गत्यंतर नाही. एक तर फर्दापूरवरून अजिंठा घाट, नाहीतर वेताळवाडीच्या किल्ल्याला बगल देत जाणारा हळद्याचा घाट. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि तीच झळ इथवर येते. त्यात लग्नसराई. भर दुपारी पाच माणसं, डिकीत आहेराच्या पिशव्या, एसी पूर्ण जोरात आणि पुढ्यात चढ. इंजिनाची कसोटी घ्यायला याहून कठीण परिस्थिती कोण मुद्दाम तयार करेल?

1. इंजिनाला गारवा नको, ठरावीक ऊब हवी

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. गाडीची कूलिंग सिस्टीम इंजिन गार ठेवण्यासाठी नसते. इंजिन एका ठरावीक तापमानावर टिकवणं हे तिचं काम.

सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा डिझेल जळतं, तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्याही वर जातं. ज्या अॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि पिस्टन बनलेलं असतं, ते 660 अंशांना वितळतं. तरी पिस्टन वितळत नाही, कारण ज्वाळा क्षणभराची असते आणि धातूत शिरलेली उष्णता लगेच बाहेर ओढली जाते. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळ हिशोब असा: एक तृतीयांशाच्या आसपास चाकं फिरवायला जाते, तेवढीच सायलेन्सरमधून धुरावाटे निघून जाते आणि राहिलेला तिसरा वाटा इंजिनाच्या धातूत उतरतो. या तिसऱ्या वाट्याची विल्हेवाट लावायची असते.

मग सगळीच उष्णता काढून इंजिन हाताला लागेल इतकं गार का ठेवू नये? थंड इंजिनात इंधनाची नीट वाफ होत नाही, ते अर्धवट जळतं. ऑइल जाड राहतं, घर्षण वाढतं. अॅव्हरेज पडतं आणि इंजिनाची झीज होते. म्हणून आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये आतलं पाणी साधारण 85 ते 105 अंशांच्या दरम्यान राहील अशी योजना असते. म्हणजे आपली गाडी अगदी सुखात असते, तेव्हाही तिच्या पोटातलं पाणी उकळीच्या काठावर असतं.

2. पाण्याचा फेरा

इंजिनाच्या सिलिंडरांभोवती आणि हेडमध्ये पोकळ वाटा असतात. त्यांतून पाणी फिरतं. (पाणी म्हणजे खरं तर पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण, त्याकडे पुढे येऊ.) हे पाणी ढकलणारा पंप म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. इंजिनातून तापून निघालेलं पाणी जाड रबरी होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या चपट्या नळ्यांतून जाताना हवेला उष्णता देतं आणि निवून परत इंजिनात जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक झडपेसारखा भाग असतो. पाणी 82 ते 90 अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, मग हळूहळू उघडतो. रेडिएटरच्या मागे पंखा. गाडी वेगात असली की समोरून येणारा वाराच पुरतो. पंखा लागतो तो गाडी रेंगाळली की.

ही सगळी व्यवस्था एका दिवसात सुचलेली नाही. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वरून नवीन ओतावं लागायचं. 1888 साली त्याची पत्नी बर्था त्याची तशीच एक गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत वारंवार पाणी भरत गेली. पुढे 1900-01 च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी आठ हजारांवर बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला. त्याने उष्णता इतकी झपाट्याने निघू लागली की 9 लिटर पाण्यात काम भागलं. आज आपल्या गाडीच्या जाळीआड दिसणारा रेडिएटर त्याचाच वंशज आहे.

3. पाणी आणि हवा यांच्यातला फरक

आता मुद्द्याचं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे मुख्यतः एका फरकावर ठरतं: आतल्या पाण्याचं तापमान वजा बाहेरच्या हवेचं तापमान. फरक दुप्पट, तर उष्णताही जवळपास दुप्पट. फरक शून्य, तर कितीही मोठा रेडिएटर लावा, काही निघणार नाही.

पाणी 95 अंशांवर आणि हवा जानेवारीतल्या सकाळची, 20 अंशांची धरा. फरक 75. मे महिन्यात हवा 45 अंशांची. फरक 50 वर आला, म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांश ताकद गमावून बसला. यात एसीची भर पडते. एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेली असते. गाडीतली उष्णता ती बाहेर टाकते आणि ती तापलेली हवा मागच्या रेडिएटरला मिळते. ही हवा दहा अंशांनी तापली असं धरलं, तर फरक उरतो 40. जानेवारीच्या जवळजवळ निम्मा.

पण कंपनीने हे सगळं आधीच धरलेलं असतं. रेडिएटर मुळात गरजेपेक्षा मोठा दिलेला असतो. मग गाडी गरम होते कशी? इथे थर्मोस्टॅटची करामत समजून घ्यायला हवी, कारण खरा घोटाळा तिथे लपलेला असतो.

समजायला सोपे आकडे घेऊ. धडधाकट गाडीला घाटात सगळी उष्णता बाहेर टाकायला 40 अंशांचा फरक पुरतो. जानेवारीत हवा 20 ची, म्हणजे पाणी 60 वर येऊन थांबायला हवं. पण इंजिनाला 60 नको, 90 हवेत. म्हणून थर्मोस्टॅट अर्धवट मिटून राहतो, थोडंच पाणी रेडिएटरकडे जाऊ देतो आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मे महिन्यात हवा 45 ची. पंचेचाळीस अधिक चाळीस, पंच्याऐंशी. थर्मोस्टॅट जवळजवळ पूर्ण उघडतो. काटा तरीही तिथेच.

आता अशी गाडी घ्या, जिचा रेडिएटर निम्मा तुंबलेला आहे. तिला तीच उष्णता टाकायला 80 अंशांचा फरक लागतो. जानेवारीत वीस अधिक ऐंशी, शंभर. जरा जास्त आहे, पण काटा फार तर किंचित सरकतो आणि कुणाचं लक्षही जात नाही. तीच गाडी मे महिन्यात: पंचेचाळीस अधिक ऐंशी, एकशे पंचवीस. पाणी उकळलं, गाडी घाटात उभी.

म्हणजे निरोगी आणि आजारी दोन्ही गाड्या हिवाळ्यात सारख्याच दिसतात. थर्मोस्टॅट आपलं उघडमीट करून आजार झाकत राहतो. एकदा तो पूर्ण उघडला की त्याच्या हातात काही उरत नाही. त्यानंतर हवा जितके अंश वर जाईल तितके अंश पाणीही वर जातं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हेच आहे. मे महिन्यात गरम झालेली गाडी बहुधा दिवाळीतच बिघडलेली असते. नीट राखलेली गाडी 45 अंशांत अजिंठा घाट चढून जाते आणि जायलाच हवी. ‘उन्हाळा आहे, गरम होणारच’ असं म्हणून तो बिघाड सोडून देणं मला अजिबात मान्य नाही.

4. चढावर इंजिन किती राबतं?

एक छोटा हिशोब करून पाहू. गाडी, पाच माणसं आणि सामान मिळून 1400 किलो. घाटाची चढण समजा 250 मीटर. एवढं वजन एवढं उंच न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे 1400 गुणिले 9.8 गुणिले 250, सुमारे 34 लाख ज्यूल. ही चढण दहा मिनिटांत, म्हणजे 600 सेकंदांत पार केली, तर दर सेकंदाला सुमारे 5700 ज्यूल, म्हणजे 5.7 किलोवॉट.

सपाट रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने अशी गाडी चालवायला चाकांशी दोन-अडीच किलोवॉट पुरतात. घाटात रस्त्याचं घर्षण आणि चढ मिळून सातच्या वर जातात. चाकांवरचं काम तिप्पट झालं की इंधन जास्त जळतं आणि पाण्यात उतरणारी उष्णताही त्याबरोबर वाढते. आणि नेमक्या या वेळी समोरचा वारा कमी होतो, कारण पुढे उसाने नाहीतर सिमेंटने भरलेला ट्रक पंधराच्या वेगाने चाललेला असतो. ओव्हरटेक करायला जागा नाही. अशा वेळी रेडिएटरमधून हवा खेचायची सगळी जबाबदारी एकट्या पंख्यावर येते.

चालवण्याच्या सवयीचाही इथे वाटा आहे. पेट्रोल वाचेल म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कुंथवत चढवणारे पुष्कळ. ते चुकतं. वॉटर बॉडी सहसा बेल्टवर, इंजिनाच्या फेऱ्यांनी फिरते. खालचा गिअर टाकला की तेवढ्याच वेगात फेरे वाढतात, पाणी जोरात फिरतं. जुन्या जीप-पिकअपमध्ये पंखाही इंजिनाकडूनच फिरतो, त्यामुळे त्यालाही जोर येतो. पुढच्या ट्रकला चिकटून जाऊ नका. त्याच्या सायलेन्सरची गरम हवा तुमच्या रेडिएटरला मिळते. थोडं अंतर ठेवा.

5. झाकणाखाली कुकर

समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं. घाटमाथ्यावर, सहाशे मीटरच्या आसपास, 98 लाच. मग 105 अंशांवर चालणाऱ्या इंजिनात पाणी उकळत कसं नाही? दाबामुळे. तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर जे करतो तेच रेडिएटरचं झाकण करतं, आणि दाबही जवळपास तेवढाच असतो: हवेच्या दाबावर आणखी साधारण एक वातावरण. एवढ्या दाबाखाली साधं पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर 125 च्याही पुढे जातं. दाब मर्यादेबाहेर गेला की झाकणातली स्प्रिंग उचलली जाते आणि जादा पाणी बाजूच्या बाटलीत जातं. गार झाल्यावर तेच परत ओढलं जातं.

या झाकणाला आतून रबराचा वायसर असतो. तो कडक झाला, चिरला, की दाब धरला जात नाही आणि वीसेक अंशांचं ते संरक्षण निघून जातं. काहीशे रुपयांचं झाकण बदलायचं सोडून पूर्ण इंजिन खोलून बसलेल्या गाड्या गॅरेजांत दिसतात.

याच दाबामुळे गरम गाडीचं झाकण उघडणं जिवावर बेतू शकतं. हिशोबच बघा. आत 5 लिटर पाणी 115 अंशांवर, दाबाखाली आहे. झाकण फिरवलं, दाब सुटला. आता हे पाणी 100 अंशांच्या वर पाणी म्हणून राहूच शकत नाही. जादा पंधरा अंशांची उष्णता वापरून त्यातल्या सुमारे 140 ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते. एक पेलाभरही नाही. पण तिला जागा लागते 230 लिटर. ही वाफ बोटभर तोंडातून, उकळतं पाणी सोबत घेऊन, वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. कपडा धरून थोडंसं फिरवलं तर चालेल, असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. थांबा.

6. साधं पाणी की कूलंट?

‘आमच्या वडिलांनी तीस वर्षं जीपमध्ये विहिरीचं पाणी घातलं’ हे वाक्य खानदेशात ऐकलं नाही असा मेकॅनिक सापडणार नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरत नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला 4.2 किलोज्यूल लागतात. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला साडेतीनच्या आसपास. मग पाणी का नको?

एक कारण आधीच आलं: उकळी. हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, धातू बाकीच्या इंजिनापेक्षा कितीतरी गरम असतो. तिथे पाण्याचे बुडबुडे झाले की धातूला पाण्याचा स्पर्शच राहत नाही आणि वाफ उष्णता नेण्यात फार दुबळी. कूलंटमधला ग्लायकॉल ही उकळी लांबवतो.

दुसरं कारण आपल्या मातीत आहे. सह्याद्रीपासून अजिंठ्यापर्यंतचा सगळा डोंगर काळ्या बेसॉल्टचा. त्यातून झिरपून विहिरीत आणि बोअरमध्ये येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बोअरचं पाणी तापवलेल्या हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरमध्ये बसतो. जुना रेडिएटर भंगारात काढताना एक नळी उभी चिरून पाहा. चपट्या नळीची आतली फट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. तिच्या दोन्ही भिंतींवर करडा-पांढरा, खडबडीत थर, नखाने खरवडला की भुगा पडतो. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर थर बसला की पाण्याची वाट निम्म्यावर येते. वर हा थर अॅल्युमिनियमपेक्षा जवळपास शंभरपट कमी उष्णता वाहतो. तिसऱ्या भागातला ‘निम्मा तुंबलेला रेडिएटर’ काल्पनिक नव्हता, तो असा तयार होतो.

तिसरं कारण गंज. जुन्या जीपचं इंजिन बिडाचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असायचा. नळ्या तुंबल्या तर वरची टाकी काढून सळई घालून मोकळ्या करता यायच्या. आजच्या गाडीत अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, प्लास्टिकच्या टाक्या, लोखंडी तुकडे, सगळं एकाच पाण्यात. वेगवेगळे धातू क्षाराच्या पाण्यात एकत्र असले की त्यांतला एक झपाट्याने खाल्ला जातो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती दोन-तीन वर्षांत संपत जातात, म्हणून कूलंट बदलायचं असतं. वडिलांची जीप त्या पाण्यावर टिकली हे खरं. आजची गाडी टिकणार नाही.

जास्त कूलंट म्हणजे जास्त गारवा, हेही खरं नाही. बाटलीवर ‘रेडी मिक्स’ लिहिलं असेल तर तसंच ओता. घट्ट असेल तर गाडीच्या पुस्तिकेतल्या प्रमाणात, आणि तेही बॅटरीसाठी मिळतं तसल्या शुद्ध पाण्यात. हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नका. रसायनं वेगळी असतील तर गाळ बनतो. आणि उघडं ठेवू नका. ते चवीला गोडसर असतं आणि विषारी. जनावर किंवा लेकरू चाटू शकतं.

7. थर्मोस्टॅट काढावा का? एसी बंद करावा का?

‘आपल्याकडं थंडी कुठं असते? थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, गाडी गार चालेल.’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो काढला की सकाळी इंजिन तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडताना तो आतली जवळची वाट मिटवतो. तो नसला तर ती जवळची वाट कायम उघडी राहते, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो आणि गाडी उलट जास्त तापते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलायचा, काढून फेकायचा नाही.

एसीचं उत्तर थोडं वेगळं. गाडी ठीक असेल तर घाटातही एसी चालू ठेवायला हरकत नाही. पुढच्या सीटवर म्हातारी आई आणि मागे तान्हं मूल असताना काचा उघडून 45 अंशांची झळ घेण्यात शहाणपण नाही. काटा नेहमीच्या जागेवरून हलला, तर मात्र पहिल्यांदा एसी बंद.

8. होळीच्या आधी एवढं बघून घ्या

सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. बाटलीतलं कूलंट खुणांच्या मध्ये आहे का, ते गढूळ किंवा तांबूस झालंय का, एवढं बघायला मिनिटही लागत नाही. बाटली पुन्हा पुन्हा भरावी लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. वर भरत राहणं हा इलाज नव्हे. होज पाइप दाबून पाहा. लिबलिबीत झालेला, टोकाशी फुगलेला किंवा भेगाळलेला पाइप घाटात फुटतो, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त असतो. बेल्टवर भेगा आहेत का तेही बघा.

मग गाडी सुरू करून एसी लावा. पंखा फिरायला हवा. न फिरणारा पंखा हा या सगळ्यातला सर्वांत फसवा बिघाड आहे, कारण हायवेवर तो असला काय नि नसला काय, गाडी छान चालते. बहुतेकदा फ्यूज किंवा रिले गेलेला असतो, स्वस्तातलं काम.

रेडिएटरच्या पापुद्र्यांत काय अडकतं, हेही पाहण्यासारखं आहे. रात्रीच्या प्रवासातले किडे, धूळ, आणि या भागात कापसाच्या हंगामात उडणारे तंतू. हे तंतू ओल्या धुळीबरोबर बसले की नमदा तयार होतो. तो पाण्याच्या हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायचा. सर्व्हिसिंग सेंटरची जोरदार धार जवळून मारली तर पापुद्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आणि नवरदेवाची गाडी. झेंडू-शेवंतीच्या माळांनी समोरची जाळी पूर्ण झाकलेली गाडी वरात घेऊन घाट चढताना लग्नसराईत दिसते. सजवा, जरूर सजवा. पण बोनेटवर आणि छतावर. जाळी मोकळी ठेवा. जादा फॉग लाइट, मोठा बंपर, झेंडा, यांनीही तीच अडचण होते.

9. काटा चढलाच तर

अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतोच. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे धोका. लाल दिवा लागला की ‘एवढं वळण संपवू’ म्हणायचं नाही. याचं कारण हेडमध्ये आहे. 40 सेंटिमीटर लांबीचं अॅल्युमिनियमचं हेड 50 अंशांनी जास्त तापलं तर जवळपास अर्धा मिलिमीटर वाढू पाहतं. खालचा ब्लॉक बिडाचा असेल तर तो त्याच्या निम्मंच वाढतो. बोल्टांनी जखडलेलं हेड सरकू शकत नाही, म्हणून ते वाकतं. ते साधारण 0.05 मिलिमीटरहून जास्त वाकलं तरी हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गास्केट धरत नाही. हेड गास्केट गेलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ होतं आणि पुढचा खर्च हजारांत मोजावा लागतो. तीनशे मीटर आणखी चालवण्याची ती किंमत.

काटा नुसता सरकू लागला असेल आणि वाफ दिसत नसेल, तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, पूर्ण पंख्यावर लावा. मे महिन्यात हे ऐकायला विचित्र वाटतं. पण हीटर म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा दुसरा छोटा रेडिएटर आहे. त्याने काटा खाली आला तर हळू चालत राहा. नाही आला, किंवा लाल दिवा लागला, वाफ निघाली, तर वळण सोडून सपाट, सुरक्षित जागी गाडी घ्या, इंजिन बंद करा, माणसांना सावलीत बसवा. वाफ थांबेपर्यंत बोनेट उघडू नका. इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, त्यामुळे आतलं तापमान पहिली काही मिनिटं उलट वाढतं. घाबरू नका आणि हातही लावू नका. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका गार आणि दाबल्यावर मऊ लागला, मगच जाड कपडा धरून झाकण हळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. जवळचं पिण्याचं पाणी चालेल, थोडं थोडं ओता, पाणी कुठून गळतंय का बघा, आणि पुढच्या गॅरेजला दाखवल्याशिवाय लांबचा रस्ता धरू नका. ते साधं पाणी नंतर काढून कूलंट भरायला विसरू नका.

घाटात थांबताना हँडब्रेक लावून चाकामागे दगड ठेवायची आपली रीत चांगली आहे. निघताना तो दगड उचलून कठड्याच्या पलीकडे नाही, तर रस्त्याच्या कडेला, गटाराच्या आत ठेवा. पलीकडे फेकला तर खालच्या वळणावरच्या माणसाला लागेल. तिथेच सोडला तर रात्री उतरणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही.